मृगाआधी लेव्हलिंग: बॉक्स ब्लेड घेण्याआधी सांडव्याची जागा ठरवा

दुपारनंतर वळवाचे ढग जमायला लागलेत आणि निम्म्या शिवारात मातीचे ढीग अजून तसेच पडून आहेत. 2025च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने परांडा, भूम, करमाळा, माढा या पट्ट्यातल्या जमिनी खरडून नेल्या. कुठे ओघळी पडल्या, कुठे वाळू-गोट्यांचा थर बसला. त्या जमिनी वर आणायला जो तो ट्रॅक्टरमागचं, माती ओढून जमीन सपाट करणारं बॉक्स ब्लेड कोणतं घ्यावं हे विचारतोय. ब्लेडचं सांगतोच, पण त्याआधीचं एक काम सांगायचंय. ते राहिलं म्हणून उभी पिकं गेलेली मी दरसाल बघतो.

तुमच्या रानातलं जास्तीचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडतं? ती जागा दाखवता येत नसेल तर ट्रॅक्टर सुरूच करू नका.

आमच्या शिवेला लागून चार एकराचं काळं रान आहे. मालकाने मे महिन्यात ब्लेड फिरवून ते परातीसारखं सपाट केलं. लोक मुद्दाम बघायला यायचे. खालच्या बांधाला आजोबाच्या हातचा दगडी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट होती, ती भरावात गाडली गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुलैत दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा सोयाबीनचे नुसते शेंडे पाण्यावर दिसत होते. पाणी ओसरल्यावर एक रोप उपटलं. मुळाची साल बोटांतच सुटून आली, आत दोऱ्यासारखा गर राहिला आणि हाताला कुजका वास लागला. बियाणं चांगलं होतं, खत वेळेवर होतं, जमीन सपाट होती. पाण्याला वाट तेवढी नव्हती.

आधी नळी, मग ब्लेड

उतार डोळ्याने कळत नाही. पन्नास फूट पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतला बुडबुडा काढून टाका. दोन्ही टोकं दोन सारख्या काठ्यांना बांधा आणि काठ्यांवर इंचाच्या खुणा करा. एक माणूस वरच्या बांधाला, दुसरा नळी पुरेल तेवढा खाली, आणि असंच टप्प्याटप्प्याने खालच्या बांधापर्यंत या. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेघेतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. चार एकराला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. खर्च फक्त नळीचा.

भारी काळ्या कोरडवाहू जमिनीला 100 फुटांत 3 ते 4 इंच उतार ठेवा, म्हणजे साधारण 0.25 ते 0.33 टक्के. याहून सपाट केलं तर पाणी साचतं, फार जास्त दिला तर माती वाहते. जिथे सगळ्यात खोल मोजमाप येईल तिथे खुंटी ठोका आणि तिला लाल चिंधी बांधा. तीच सांडव्याची जागा. सांडव्याचं तोंड तिथल्या मातीच्या बरोबरीने ठेवा, वीतभरही उंच नको. खाली दगड पसरा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात नवा भराव तिथून फुटेल.

लेझर लेव्हलर भाड्याने आणणाऱ्यांनीही हे ऐकावं. लेझरला उतार देता येतो, पण तुम्ही चालकाला सांगितलं नाही तर तो बहुतेक वेळा शून्यावर लावून मोकळा होतो. पाट-पाण्याच्या वाफ्याला ते ठीक, पण पावसावरच्या सोयाबीन-तुरीला ते घातक आहे.

कोणतं ब्लेड

बॉक्स ब्लेड म्हणजे माती ओढायच्या बैलाच्या केणीचंच लोखंडी रूप. दोन बाजूंना उभ्या पट्ट्या, पुढे-मागे धार असलेली दोन पाती, आणि वर-खाली करता येणारे दाते. साधी लेव्हलर फळी माती बाजूला सांडत जाते. बॉक्स ब्लेड माती पोटात धरून उंचवट्यावरून खळग्यात नेतं. खरडलेली जमीन भरायला किंवा तलावाच्या गाळाचे ढीग पसरायला ते उपयोगी आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून टिपरने टाकलेला गाळ ज्यांच्या रानात पडून आहे, त्यांना तर फारच.

झाडं-झुडपं काढायला मात्र ते नाही. बाभळीचा बुंधा, घाणेरीची जुनी खोडं, मोठे गोटे आधी माणसाने किंवा जेसीबीने काढा. बुंध्यावर मागे रेटलेल्या ब्लेडची चौकट एकदा पिळली की ते पुन्हा सरळ चालत नाही.

रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन-चार इंच जास्त असावी, म्हणजे चाकाची वाट मिटते. 35 ते 45 एचपीला 5 ते 6 फूट पुरतं. दुकानदार 7 फुटीचा आग्रह धरेल, ‘काम लवकर होतं’ म्हणेल. भरलेल्या मातीचं ओझं त्याच्या ट्रॅक्टरला ओढायचं नाही, तुमच्या ट्रॅक्टरला ओढायचंय. काळ्या ढेकळात 40 एचपीचा ट्रॅक्टर 7 फुटीला पुढून उचलतो, क्लच जळतो, आणि शेवटी तुम्ही अर्धंच पोट भरून काम करता.

वजन महत्त्वाचं. हलकं ब्लेड कडक जमिनीवरून नुसतं घसरतं. शक्य असेल तर घेण्याआधी ब्लेड वजनकाट्यावर न्या आणि दोन दुकानांचा भाव किलोवर काढा. चकचकीत रंगावर जाऊ नका. रंगाखाली वेल्डिंगच्या फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवलेल्या मी पाहिल्यात. कोपऱ्यावर खिळ्याने खरवडा, हातोडीने हलका ठोका द्या. भुगा पडला तर ते ब्लेड सोडून द्या.

बाकी तपासायचं ते असं:

- पाती बोल्टने बसवलेली, उलटवून दुसरी धार वापरता येणारी
- दात्यांची टोकं बदलता येणारी, तालुक्याला सुटी मिळणारी
- खालच्या पिना तुमच्या ट्रॅक्टरच्या लिंकेजच्या (मागे अवजार जोडायच्या दांड्यांच्या) मापाच्या: कॅटेगरी 1 ला 22 मिमी, कॅटेगरी 2 ला 28 मिमी
- बाजूच्या पट्ट्यांची जाडी 8 मिमीच्या खाली नको
- पक्कं बिल

हायड्रोलिकने वाकणारं, दाते आपोआप उचलणारं महाग ब्लेड दोन-पाच एकरवाल्याने घेऊ नये. टॉप लिंक (ब्लेडला वरून जोडणारा दांडा) हाताने फिरवायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या पैशात सांडव्याचं दगडकाम होऊन वर शेणखताच्या दोन ट्रॉल्या येतील. आणि वर्षातून आठ दिवसांचंच काम असेल तर अवजार बँकेतून भाड्यानेच आणा. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, तुमचं अवजार यादीत आहे का बघा आणि पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदी करू नका. ‘आत्ता घेऊन जा, अनुदान मागून बसवू’ म्हणणाऱ्याच्या नादाला लागून पैसे अडकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

चालवताना

- जमीन वाफशावर. मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटला पाहिजे, चिकटला तर थांबा
- वरची वीतभर सुपीक माती आधी एका कडेला ओढा, भराव झाल्यावर परत पसरा
- टॉप लिंक आखूड: पुढचं पातं आणि दाते खातात. लांब: मागचं पातं सारवतं
- एका फेरीत 1 ते 2 इंच, लो गिअर
- भराव 6 इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर चाकं फिरवून
- वळताना ब्लेड उचललेलं

भराव किती बसेल याचा माझा अंदाज फुटाला दीड-दोन इंच. पुस्तकात तुमच्या रानाचा आकडा मिळणार नाही. म्हणून खळगे थोडे फुगीर ठेवा. पण सांडव्याकडच्या पट्ट्यात फुगवटा अजिबात नको, तिथे नळी पुन्हा लावून बघा. लोक सगळं रान नीट करतात आणि शेवटच्या दहा फुटांत उरलेली माती ढकलून पाण्याचं तोंड बंद करतात. दर वर्षी हेच होतं.

वजन वाढवायला ब्लेडवर पोरगं उभं करू नका. गावोगाव हे चालतं. चाक गोट्यावर चढलं की उभा माणूस थेट पात्यापुढे पडतो. मातीची पोती बांधा.

जिथून माती कापली तिथे

कापलेल्या जागी खालची चुनखडी वर येते आणि पीक पिवळं पडतं. मग दुकानातून चार-पाच बाटल्या येतात. त्याआधी माती परीक्षण करा. जस्त-लोह कमी निघालं तर झिंक सल्फेट हेक्टरी 20 ते 25 किलो आणि फेरस सल्फेट 25 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. कापलेल्या पट्ट्यात पहिल्या खरिपाला हेक्टरी 40 ते 50 किलो ताग पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडला, तर पुढच्या पिकात फरक दिसतो. पहिल्या वर्षी तिथे सोयाबीनचा हट्ट मी तरी धरणार नाही. भरावावर नवी फळबाग तर नकोच.

बाकी रानात पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच. बियाण्याला ट्रायकोडर्मा (मूळकुजीवरची मित्रबुरशी) किलोला 10 ग्रॅम. शक्य तिथे बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा-सरी, आणि सऱ्यांचं तोंड सांडव्याकडे. ट्रायकोडर्मा साचलेल्या पाण्यातलं मूळ वाचवत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

शेजाऱ्याचं पाणी

तुमचं रान उंचावलं की वरच्या रानातलं पाणी अडतं. नैसर्गिक प्रवाह अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे होते आणि अडथळा काढायचा आदेश निघू शकतो. ब्लेड लावायच्या आदल्या दिवशी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना खुंटीपाशी बोलवा, पाणी कुठून येणार नि कुठे जाणार ते दाखवा. बांध कोरून दोन तासांची, म्हणजे नांगराच्या दोन ओळींची, जागा मिळवू नका.

वेळ फार नाही. मान्सूनची मुंबईतली नेहमीची तारीख 11 जून, पण 2025 साली तो 26 मेलाच आला आणि मशागती अर्धवट राहिल्या. म्हणून 25 मेला रोहिणी लागायच्या आत मातीकाम संपवा. राहिलंच तर ओल्या रानात ब्लेड घालू नका. उरलेला उंचवटा तसाच ठेवा आणि फक्त पाण्याची चर मोकळी करा.

मग पहिला जोराचा वळीव पडला की छत्री आणि फावडं घेऊन रानात जा, पाऊस थांबायची वाट बघू नका. लाल चिंधीच्या खुंटीपाशी उभे राहा. पाणी तिथे येत असेल तर ठीक. दुसरीकडे थांबलं असेल तर तिथेच नवी खुंटी ठोका आणि तिथून सांडव्यापर्यंत फावड्याची एक रेघ ओढा. वाफसा आला की त्या रेघेवरून ब्लेड फिरवा.