गणपतीला गावी निघताना घर कसं बंद करावं

कोकणात जायचं सामान चार दिवस आधीच बांधून होतं, दाराला कुलूप मात्र गाडी चुकेल या घाईत लागतं. घर बंद करायलाही एक संध्याकाळ राखून ठेवा.

आधी दार. आपण दणकट कुलपावर पैसे घालतो, पण चोर बहुतेकदा कुलपाच्या वाटेला जात नाही, कटावणी घालून कोयंडाच उचकटतो. आमच्या चाळीत एका घरी हेच झालं. कुलूप जसंच्या तसं बंद, कोयंड्यासकट खाली लोंबत होतं. तेव्हा कोयंडा हाताने हलवून बघा. जुन्या दारांत तो भुसभुशीत लाकडात, आखूड स्क्रूंवर कसाबसा टेकलेला असतो. सुताराकडून आरपार बोल्ट घालून घ्या, नट आतल्या बाजूला. खरं तर दारातच बसणारं कुलूप बरं. लटकतं कुलूप जिन्यावरूनच सांगतं की घरात कोणी नाही. नाइट लॅच असेल तर दार नुसतं ओढून घेऊ नका, किल्ली फिरवून डबल लॉक करा.

मग खिडक्या. तिसऱ्या मजल्यावर कोण येतंय, असं म्हणू नका. ड्रेनेजचा पाइप शिडीसारखा असतो आणि बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या हाताने सरकून निघतात. तिथे ग्रिल लावा. मात्र घरातल्या एका तरी ग्रिलला उघडणारी झडप ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला.

दूध आणि पेपर बंद करा. दारात खोचलेली पत्रकं काढायला शेजारच्या काकूंना सांगा. किल्लीही त्यांच्याकडेच द्या. कुंडीखाली आणि मीटरच्या पेटीत किल्ली असते हे चोरालाही ठाऊक आहे! गावच्या आरतीचे फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका.

दागिने लॉकरमध्ये ठेवा. पण तिथून बँकेच्या चुकीने चोरी झाली, तरी भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या १०० पट एवढीच आहे. म्हणून दागिन्यांचे फोटो आणि बिलं जपून ठेवा, आणि विमा काढलात तर उत्तम.

एवढं करूनही दार फोडलेलं दिसलं तर आत शिरू नका. चोर आतच असू शकतो. जिन्यातूनच ११२ ला फोन लावा. पोलीस येईपर्यंत कपाटाला हात लावू नका, बोटांचे ठसे पुसले जातात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या, विम्याच्या दाव्याला लागते.