क्षेत्रफळावरून त्रिज्या: खळ्याची दोरी किती फूट घ्यायची?

दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीला आली की आमच्या खान्देशात शेताच्या कोपऱ्यात खळं करायची लगबग सुरू होते. मळणीयंत्र आलं तरी कणसं टाकायला सारवलेली जागा लागतेच. घरचे सांगतात, "अर्धा गुंठा पुरे." आणि दोरी धरून उभा असलेला गडी विचारतो, "दोरी कितली लेऊ, भाऊ?"

तर आधी एकक एक करा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. अर्धा गुंठा ५४४.५ चौरस फूट.

वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या. आपल्याला उलटं जायचंय, म्हणून आधी भागायचं:

५४४.५ ÷ ३.१४ = १७३.४

हा त्रिज्येचा वर्ग. आता वर्गमूळ. मोबाइल नसेल तरी अडत नाही. १३ चा वर्ग १६९, उरले ४.४. त्यांना १३ च्या दुपटीने, म्हणजे २६ ने भागा: ०.१७. त्रिज्या १३.१७ फूट, म्हणजे १३ फूट २ इंच. ताळा करायचा तर १३.१७ × १३.१७ × ३.१४ करून बघा, ५४४.६ येतं.

क्रम मात्र बदलू नका. आधी वर्गमूळ काढून मग ३.१४ ने भागलं तर साडेसात फुटांच्या आसपास येतं आणि खळ्याचं आळं होतं.

माझी पहिल्या वर्षीची चूक वेगळीच. अख्ख्या गुंठ्याची त्रिज्या १८.६ फूट हे पाठ होतं, म्हणून अर्ध्यासाठी सरळ ९.३ फूट दोरी कापली. आखून झालं ते पाव गुंठा! त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाईवर येतं. क्षेत्रफळ निम्मं हवं असेल तर त्रिज्येला १.४१ ने भागायचं.

दशांश नको असतील तर आपल्याच मुलखातली एक रीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त व्यासाच्या वर्गाला ११ ने गुणून १४ ने भागायला सांगितलंय. उत्तर स्थूल, पण व्यवहाराला चालणारं. आपण ते उलटं करू: ५४४.५ ला ११ ने भागून १४ ने गुणलं की नेमके ६९३. त्याचं वर्गमूळ २६.३२, हा व्यास. निम्मा केला की १३.१६. आधीच्या उत्तरात आणि यात फरक फार तर दोन-तीन मिलिमीटरांचा. गुंठ्यात ११ चा भाग पूर्ण जातो, म्हणून मला हीच रीत आवडते.

आता खुंटी ठोका. दोरीचा फास सैल ठेवा, माप गाठीपासून नाही, खुंटीच्या मध्यापासून घ्या आणि चुन्याची फक्की टाकत फिरा. फास आवळला तर दोरी खुंटीभोवती गुंडाळत जाते, त्रिज्या आखडते आणि फेरा संपताना रेषेची टोकं जुळत नाहीत.