दुपारचा वारा बघूनच काडी लावा, खरं तर लावूच नका

थंडी सरली की दरवर्षी हेच होतं. गवत कडकडीत वाळलेलं, झाडांची पानगळ होऊन गेलेली, नवी पालवी अजून फुटायची असते, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडतं, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला रान साफ करायची घाई सुटते. मग बांध झाडायचा, काट्याकुट्यांचा ढीग लावायचा आणि काडी ओढायची. मीही कैक वर्षं हेच केलंय, त्यामुळे मोठा शहाणपणा शिकवायला आलेलो नाही, एकदा चांगलाच चटका बसलाय म्हणून सांगतोय.

सोमवारी सकाळी छाटणीच्या फांद्यांचा ढीग पेटवला होता. हवा एकदम पडलेली, धूर सरळ वर जात होता. दोन तासात सगळं बसलं, वरून चार बादल्या पाणी मारलं, राख काळी पडली, झालं काम म्हणून घरी आलो. बुधवारी दुपारी वारा सुटला आणि शेजाऱ्याचा फोन, अरे तुझ्या बांधावरनं धूर येतोय. मी पोचेपर्यंत आग बांधाचं गवत धरून त्याच्या वैरणीच्या गंजीला भिडली होती. नंतर उकरून बघितलं तर ढिगाच्या तळाला एक जाड बुंधा होता, तो दोन दिवस आतल्या आत धुमसत बसलेला, आणि वरची राख मात्र हाताला गार लागत होती. गंजी भरून दिली, पण त्या दिवसापासून त्याच्या घरचा चहा काही पूर्वीसारखा गोड लागला नाही.

तर सकाळची शांत हवा फसवते, ती कशी ते समजून घ्या. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची गार जड हवा खाली बसून राहते आणि वरचा जोराचा वारा वरच राहतो. ऊन तापलं की जमिनीजवळची हवा वर उठायला लागते आणि वरचा वारा तिच्या जागी खाली उतरतो, म्हणून ९ वाजता पान हलत नाही आणि १ वाजता टोपी उडते. त्याच वेळी हवेतला ओलावाही सगळ्यात कमी झालेला असतो. म्हणजे सकाळी पेटवलेला ढीग नेमका निखाऱ्यावर आला की वारा येतो. मोबाईलवर हवामान बघताना नुसतं पाऊस आहे का एवढंच बघू नका, दुपारचा वारा आणि आर्द्रता बघा. तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे, हे तिन्ही एकत्र आलं तर आग माणसाच्या हातात राहत नाही असा एक ढोबळ ठोकताळा आहे, पण त्यातलं एक कमी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, गार दिवशी सुद्धा कोरडा वारा असला की गवत भराभर पेटतं.

आणखी एक, "परवाच पाऊस झालाय की" हे फार ऐकायला मिळतं. जाड लाकूड ओलं असेल हो, पण काडीएवढं बारीक वाळकं गवत ऊन-वाऱ्यात तासाभरात सुकतं आणि आग पळते ती त्याच्यावरच. वरून हिरवं दिसायला लागलं तरी वाकून हात घाला, आत मागच्या हंगामाचं वाळकं तसंच असतं.

माझं स्पष्ट मत, ढीग जाळूच नये. कुट्टी करा, कुजवा, जाळल्यावर त्यातलं बरंचसं नत्र धुरातून निघून जातं आणि मग तेच आपण पोत्यातून विकत आणतो. तरी कुणाला जाळायचंच असेल तर आधी परवानगी लागते का, बंदी आहे का ते बघा, बंदी असेल तर विषय संपला. ढीग लहान लहान करा, भोवती माती उघडी करा, पाणी आणि माणूस जवळ ठेवा. विझवताना वरून पाणी मारून निघून जायचं नाही, फावड्याने उलथायचं, परत पाणी, परत उलथायचं, तळापर्यंत चिखल झाला पाहिजे. मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायची, ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारी एक चक्कर मारायचीच. चुलीतली राख सुद्धा उकिरड्यावर फेकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काही दिवस राहू दे.

काडी न लावताही आग लागते बरं का. ब्रश कटरचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी, तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतात उभा केला की धूर, वेल्डिंग, ग्राइंडर, गवताच्या गाठी बांधणाऱ्या बेलर यंत्राचं गरम झालेलं बेअरिंग. ही कामं वाऱ्याच्या दिवशी दुपारी नकोतच. विजेच्या ढिल्या तारा एकमेकींना घासत असतील तर वेळेत तक्रार द्या आणि तोवर तारांखालचं गवत काढून घ्या.

बांधाच्या, गोठ्याच्या आणि गंजीच्या भोवती ट्रॅक्टरचे दोन-तीन फेरे मारून पट्टा काळ्या मातीपर्यंत उघडा करा. वाऱ्यात ठिणग्या पट्टा ओलांडून जातात, त्यामुळे पट्टा म्हणजे हमी नाही, पण उभं राहून विझवायला जागा मिळते. पाठीवरचा फवारणी पंप नीट धुऊन नुसत्या पाण्याने भरून ठेवा, मला तरी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडलं नाही.

आग लागलीच तर आधी अग्निशमनला फोन, मग गुरांचे दावे सोडा, मग बाकीचं. आगीच्या तोंडासमोर कधी उभं राहू नका, मागून किंवा बाजूने या. आणि चढाकडे पळू नका, दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, तुमचा मात्र कमी होतो. जळून काळं पडलेलं रान सगळ्यात सुरक्षित. वाऱ्याने दिशा बदलली तर आगीची लांब बाजू एकदम तिचं तोंड होते, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला असंच झालं, त्या दिवशीच्या आगींत १७३ माणसं गेली. अंगात सुती कपडे घाला, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

बागेला झळ लागली असेल तर दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड काढू नका. खोडाच्या सालीवर नखाने किंवा चाकूच्या टोकाने थोडं खरवडून बघा, आत हिरवं ओलं असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर तेवढी बाजू गेली. खोडाच्या चारी बाजूंनी बघा, कारण वाऱ्याच्या आडोशाची बाजूच जास्त भाजलेली असते. बेताने पाणी देत राहा, नवे फुटवे कुठून येतात ते दिसू दे, मगच छाटा.