एरियाचे भाग पाडण्याच्या आदल्या दिवशी

उद्या रात्री ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या पद्धतीचा) एकच मोठा एरिया, म्हणजे राउटरांचा गट, फोडून त्याचे तीन करायचे असतील, तर आज राउटरमध्ये लॉगिन करण्याआधी सगळं जाळं कागदावर काढा. मधोमध एरिया शून्य, म्हणजे सगळ्यांना जोडणारा कणा, बाकीचे त्याला लागून. मग सीमेवरच्या प्रत्येक राउटरवर, म्हणजे एबीआरवर, बोट ठेवून बघा, त्याचा एक पाय खरोखर एरिया शून्यात आहे ना.

यावर मी इतका जोर देतो, कारण सीमेपलीकडे नकाशा जातच नाही. एरियाच्या आत टाइप १ आणि टाइप २ एलएसए (राउटर एकमेकांना पाठवतात ते जाळ्याच्या माहितीचे संदेश) फिरतात, त्यांवरून प्रत्येक राउटर अख्खा नकाशा रचतो आणि स्वतःच जवळची वाट काढतो. एबीआर मात्र पलीकडे टाइप ३ पाठवून एवढंच सांगतो, की अमुक नेटवर्क माझ्याकडून इतक्या कॉस्टवर (वाटेच्या किमतीवर) आहे. ही ऐकीव माहिती. ती गोल फिरून परत येऊ नये म्हणून १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये (ओएसपीएफच्या मानक दस्तऐवजात) नियम आहे, की एबीआरने एरिया शून्यातून आलेलेच टाइप ३ हिशेबात धरायचे.

हा नियम आम्हाला एका जुन्या नोकरीत महागात पडला होता. आमच्या एरिया शून्याच्या दोन भागांना जोडणारी फायबर एकच होती, ती खोदकामात तुटली. दोन्ही एबीआर एरिया १ मधूनही जोडलेले होते. एकमेकांना पिंग जात होता, एलएसएच्या डेटाबेसमध्ये टाइप ३ समोर दिसत होता, आणि राउटिंग टेबलमध्ये रूट नाही! शेवटी एरिया १ मधून व्हर्च्युअल लिंक, म्हणजे एरिया शून्याचे तुकडे जोडणारी कॉन्फिगमधली लिंक, टाकली तेव्हा वाहतूक सुरू झाली. म्हणून कागदावर एरिया शून्याची एकेक लिंक खोडरबराने पुसून बघा. कुठलीही एक गेली तरी एरिया शून्य अखंड राहिला पाहिजे. व्हर्च्युअल लिंकच्या भरवशावर आराखडा करू नका. स्टब एरियातून (जिथे ओएसपीएफबाहेरचे रूट आत सोडत नाहीत) ती जातही नाही.

मग समरी, म्हणजे अनेक नेटवर्क एका ओळीत सांगणं. एरियात १०.२०.०.० पासून १०.२०.१५.० पर्यंत सोळा /२४ (प्रत्येकी २५६ पत्त्यांची नेटवर्क) असतील, तर एबीआर बाहेर १०.२०.०.०/२० एवढंच सांगू शकतो. आत एखादी लिंक वरखाली झाली तरी बाहेरच्यांना त्याची झळ लागत नाही. पण ही समरी करणारी रेंजची ओळ दोन्ही एबीआरवर लिहून ठेवली आहे का, ते तपासा. एकावरच टाकली, तर दुसऱ्याकडून सुटे /२४ जात राहतात आणि सगळी वाहतूक त्याच्याच अंगावर येते. दोन्ही एबीआर एरियाच्या आतूनही एकमेकांना जोडलेले हवेत. नाहीतर आत फूट पडली की एक एबीआर /२० सांगत राहतो, त्याच्याकडे आलेलं पॅकेट मात्र आतल्या नेटवर्कपर्यंत पोहोचत नाही, तिथेच टाकलं जातं.

लिंकच्या दोन्ही टोकांना एरिया नंबर, मास्क (नेटवर्कचा आकार), हॅलो-डेड टायमर (हॅलो किती वेळाने पाठवायचा आणि किती वेळ आला नाही तर शेजारी गेला समजायचा; इथरनेटवर सहसा १० आणि ४० सेकंद) आणि स्टबची खूण सारखी आहे ना, हे ताडून घ्या. नेबर (शेजारचा राउटर) एक्सस्टार्टमध्ये, म्हणजे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यात, अडकला तर आधी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघा. कॉस्टकडे मात्र निवांत बसून बघा. सिस्कोच्या बऱ्याच राउटरवर मूळचा रेफरन्स बँडविड्थ (याला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट निघते, पण ती १ च्या खाली जात नाही) १०० एमबीपीएस असतो, त्यामुळे १०० एमबीची आणि १० जीबीची लिंक दोन्ही कॉस्ट १ च्या ठरतात. तो वाढवायचा तर सगळ्या राउटरवर एकसारखा. शिवाय एरियाच्या आतली वाट, कितीही महाग असली तरी, दुसऱ्या एरियातून फिरून येणाऱ्या वाटेच्या आधी निवडली जाते. त्यामुळे एरियाचे भाग पाडल्यावर काही वाटा बदलणारच. त्या आजच लिहून काढा.

शेवटी नेबरची संख्या, रूटची संख्या आणि पूर्ण राउटिंग टेबल फाइलमध्ये साठवा, रोलबॅकची (जुन्या स्थितीत परत नेणारी) कॉन्फिग शेजारी ठेवा. उद्या आधी लांबचा राउटर बदला, मग जवळचा. उलट केलंत तर लांबच्या राउटरशी संपर्कच तुटेल. तिथे कन्सोलजवळ माणूस बसवलेला बरा. आणि काम झालं म्हणून लगेच निघू नका. मागे राहिलेले जुने एलएसए ६० मिनिटांनी गळून पडतात, तेव्हा तासाभराने डेटाबेस पुन्हा काढा आणि प्रत्येक टाइप ३ कागदावरच्या आराखड्याशी ताडून बघा.