सोनं मोडलं की नेमकं काय मोडतं? वस्तूंच्या तत्त्वज्ञानाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली आमच्याकडची मुलं सत्ताशास्त्राच्या पेपराला सगळ्यात जास्त बिचकतात. नीतिशास्त्रात निदान भांडता तरी येतं. इथे 'वस्तू म्हणजे काय' एवढाच प्रश्न, आणि खाली वादांची लांबलचक यादी. मी खान्देशातच शिकलो, इथेच शिकवतो, आणि पहिल्या तासाला एकच सांगतो: वाद पाठ करण्याआधी एक वस्तू धरा आणि वर्षभर ती सोडू नका. जो नवा विचारवंत येईल त्याला त्याच वस्तूपाशी आणून बसवा. मी सोनं धरलं होतं. जळगाव जवळ असताना दुसरं काय धरणार?

थिसियसचं जहाज प्रत्येक पुस्तकात भेटतं. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का? मग इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ मध्ये भर घातली, की काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचं पुन्हा जहाज बांधलं तर खरं कोणतं? एकदा वाचून घ्या आणि पुढे चला. खान्देशात जहाज पाहिलंय कुणी!

सराफाच्या दुकानात मात्र सगळेच गेलेले असतात. आजीच्या पाटल्या मोडून नातीला साखळी करायची आहे. इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला शिकणं हाच अर्धा अभ्यास. पहिला तादात्म्याचा: आधी होतं ते आणि आता आहे ते एकच का? दुसरा सारतत्त्वाचा: काय काढून घेतलं तर ती वस्तू उरणारच नाही? परीक्षेत मुलं पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लिहून येतात.

आता बिल बघा. नवा दागिना घेताना सोन्याचा भाव वेगळा लावतात, घडणावळ वेगळी. तोच दागिना मोडायला नेला की घट धरून सोन्याचे पैसे हातात पडतात, घडणावळीचं कुणी नावही काढत नाही. ॲरिस्टॉटलने वस्तूत उपादान (ती ज्याची घडते ते द्रव्य) आणि आकार असे दोन पदर पाहिले आणि 'मेटॅफिजिक्स'च्या सातव्या पुस्तकात सारतत्त्वाचा मान आकाराकडे दिला. म्हणजे आपण विकत घेतो तेव्हा सराफ ॲरिस्टॉटलचा, आणि मोडायला जातो तेव्हा निव्वळ जडवादी. काउंटर तोच, माणूस तोच. हे एकदा लक्षात आलं की उपादान-आकाराचं प्रकरण पाठ करावं लागत नाही.

पुढची पायरी जरा अवघड आहे. पाटली आणि तिच्यातलं सोनं, या दोन वस्तू की एक? लायब्निट्झचा नियम सांगतो, की दोन नावं एकाच वस्तूची असतील तर एकीला लागू पडणारा प्रत्येक गुणधर्म दुसरीलाही लागू पडला पाहिजे. सोनं पाटली घडण्याआधीही होतं, पाटली नव्हती. म्हणजे दोन. मग तराजूत दोघींचं मिळून दुप्पट वजन का येत नाही? हा तराजूचा आक्षेप बौद्धांनी नैयायिकांवर, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांवर, फार पूर्वीच घेतला होता, कारण न्यायमतात अवयवी (आख्खी वस्तू) हा अवयवांहून (भागांहून) वेगळा, समवायाने म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने त्यांच्यात राहणारा. ॲलन गिबर्डने १९७५ मध्ये पेच आणखी आवळला: मातीचा गोळा आणि पुतळा एकाच क्षणी जन्मले आणि एकाच क्षणी नष्ट झाले, तर? तो म्हणतो, मग ते एकच, पण ते एकच असणं आवश्यक नाही. हे वाचून डोकं गरगरलं तर वाचन बरोबर चाललंय असं समजा.

सारतत्त्वाला सोन्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही, कारण मोठमोठी माणसं त्यावरच घसरली किंवा सावरली. फक्त पिवळ्या रंगावर काय काय म्हटलंय ते बघा. कांट म्हणतो, पिवळेपणा सोन्याच्या संकल्पनेतच आहे. लॉक त्याला नाममात्र सारात, म्हणजे आपण नाव देताना धरतो त्या गुणांत, टाकतो आणि खरं सार आपल्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म रचनेत आहे म्हणतो. क्रिपकेच्या मते पिवळेपणा उद्या दृष्टिभ्रम ठरला तरी सोनं सोनंच राहील, पण अणुक्रमांक ७९ नसेल तर ते सोनं नव्हेच. ही गोष्ट प्रयोगाने कळली, तरीही ती आवश्यक आहे, हा त्याचा १९७० च्या व्याख्यानांतला धक्का.

आणि आपला नैयायिक अन्नंभट्ट? त्याच्या 'तर्कसंग्रह' या छोट्या पाठ्यग्रंथात सोनं महाभूतांपैकी पृथ्वी नाहीच, ते तेज आहे! वर्गात इथे हशा पिकतो. पण 'दीपिका' ही त्याचीच टीका उघडून युक्तिवाद बघा: तूप पार्थिव, म्हणजे पृथ्वीचं; ते प्रखर आगीत धरलं तर त्याचा द्रवपणा नष्ट होतो, सोन्याचा होत नाही, म्हणून ते पार्थिव नाही. मुशीत टाकणखार घालून सोनं वितळताना ज्याने पाहिलंय त्याला ही नोंद खोटी म्हणता येणार नाही. मग पिवळा रंग? तो सोबतच्या पार्थिव अंशाचा. सोन्याचा स्वतःचा झळझळीत रंग त्याने झाकलेला. निष्कर्ष चुकला, पण दिसणाऱ्या गुणापलीकडे जाऊन सार शोधायची रीत क्रिपकेच्या किती जवळची आहे! म्हणून माझं मत, आणि सहकाऱ्यांना ते फारसं पटत नाही: आधी 'तर्कसंग्रह', 'दीपिके'सकट; क्रिपके नंतर. त्यातले सात पदार्थ (जे जे आहे त्याचे सात मूळ प्रकार) डोक्यात बसले की पाश्चात्त्य वाद परके वाटत नाहीत.

आमच्या भागाला तत्त्वज्ञान उपरं नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी हे तत्त्वज्ञ तिथे होते, तरुणपणी साने गुरुजीही तिथे आले. ओढा अद्वैताकडे, म्हणजे वस्तूची ओळख राहू द्या, वस्तूच खरी का इथून सुरुवात! त्याच अमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच आजची विप्रो. नाव बदललं, धंदा बदलला, मुख्यालय बंगळूरला गेलं. ना उपादान उरलं ना आकार, तरी आपण बिनदिक्कत 'तीच' म्हणतो, कारण कंपनीचं सातत्य कायदा ठरवतो. जुने शेअर जपून ठेवणाऱ्यांना हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता, एवढं नक्की. सोन्याचं सार शोधावं लागतं, कंपनीचं ठरवावं लागतं. हा फरक उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचं थोडक्यात. तिथे 'कोणी काय म्हटलं' याच्या जोड्या लावायच्या असतात, ते शेवटच्या दोन महिन्यांत होतं. मराठी विश्वकोश आणि स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. इंग्रजी जड जात असेल तर रोज एकच परिच्छेद घ्या आणि तो मराठीत आपल्या शब्दांत लिहा. किट फाइनचा १९९४ चा सारतत्त्वावरचा लेख मात्र आवश्यकता-शक्यतेच्या तर्कशास्त्राची (मोडल लॉजिक) तोंडओळख झाल्याशिवाय उघडू नका. नोकरीचं खरं सांगायचं तर जागा थोड्या, बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर. घरी हे आधीच सांगून ठेवा.

प्रबंधाचा विषय 'वस्तूचे स्वरूप' असा घेऊ नका, जन्मात संपणार नाही. पाकज प्रक्रिया घ्या, म्हणजे भाजल्याने वस्तूचे गुण कसे बदलतात तो वाद. कुंभाराच्या आव्यात काळं मडकं जातं, लाल बाहेर येतं. न्यायाचं जुळं दर्शन मानणारे वैशेषिक म्हणतात, आत ते परमाणूंपर्यंत फुटलं, परमाणू लाल झाले आणि नवं मडकं जुळून आलं. नैयायिक म्हणतात, आख्खं मडकं तसंच राहिलं, रंग तेवढा बदलला, नाहीतर 'हे तेच' अशी ओळख आपल्याला पटली असती कशी? नव्या मडक्याला नऊ क्षण लागतात की दहा, यावरही जुन्या मंडळींनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मार्गदर्शक आधी हसतील, मग सही करतील.