वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकर : वजावट नेमकी कशाची?

बारामती, धुळे किंवा गोंदिया येथे राहून २०० तासांचे उड्डाण पूर्ण करायचे आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजेच सीपीएल, मिळवायचा, तर घरची मोठी पुंजी त्यात जाते. त्यामुळे विवरणपत्र भरण्याची वेळ आली की हा खर्च उत्पन्नातून वजा होतो का, हा प्रश्न येतोच. फीपुरते बोलायचे तर उत्तर नकारार्थी आहे. नोकरीसाठी स्वतःच्या पैशांनी ए-३२० चे टाईप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) केले, तरी तो खर्च पगारातून वजा करण्याची तरतूद कायद्यात नाही. वजावट मिळते ती त्यासाठी काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-ई खाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होत असल्याने पुढील वर्षांसाठी कलमाचा क्रमांक बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

सीपीएल ही पदवी नव्हे, मग ते उच्च शिक्षण कसे, अशी शंका काहींना असते. पूर्वी ही सवलत ठरावीक अभ्यासक्रमांपुरतीच होती; करनिर्धारण वर्ष २०१०-११ पासून मात्र बारावीनंतरचा कोणताही अभ्यासक्रम त्यात बसतो आणि तो परदेशात केला तरी चालतो. कर्ज बँकेचे, अधिसूचित वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असले पाहिजे. मामाकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेवर कितीही व्याज दिले तरी उपयोग नाही. शिवाय कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि व्याज ज्याच्या करपात्र उत्पन्नातून गेले आहे, त्यालाच वजावट मिळते, म्हणून आई किंवा वडील कर्ज मंजूर होतानाच सहकर्जदार असलेले बरे.

खरी गफलत होते ती हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या मोरॅटोरियमच्या काळात. समजा, ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले आणि पूर्ण रक्कम उचलली, तर वर्षाचे व्याज ४,४०,००० रुपये होते. ते न भरता बँकेने मुद्दलात मिळवले, तर ते ‘भरले’ असे धरले जात नाही आणि त्या वर्षी वजावटही मिळत नाही. वडिलांनी तेच व्याज आपल्या खात्यातून भरले, तर सगळी रक्कम वजा होते, कारण या कलमाला कमाल मर्यादा नाही. वजावटीनंतरही त्यांचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात राहत असेल तर उपकरासह १,३७,२८० रुपये वाचतात. मात्र ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष आणि त्यापुढची सात, एवढीच मुदत असते. जमेल तसे म्हणून महिन्याला पाच हजार रुपये भरत राहणाऱ्या पालकांचे घड्याळ तेव्हापासूनच चालू होते, आणि मोठ्या व्याजाची वर्षे येईपर्यंत दोन-तीन वर्षे वाया गेलेली असतात. भरायचे तर व्याज पूर्ण भरावे, नाहीतर थांबावे, असे माझे मत आहे.

ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली आपोआप लागू होत असल्याने दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा आणि जुनी फायद्याची ठरली तर मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडावी. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो.

कलम ८०-सी चा आधार तोकडाच आहे. शिक्षणाच्या बाबतीत ते दोन मुलांपर्यंतच्या, भारतातील पूर्णवेळ शिक्षणाच्या शिकवणी शुल्कापुरते आहे. स्वतःच्या शिक्षणाला लागू नाही, आणि दीड लाखाची एकूण मर्यादा अनेकांच्या भविष्यनिर्वाह निधीतच संपलेली असते. वसतिगृह आणि गणवेशाच्या पावत्या जोडून वाद ओढवून घेऊ नये.

परदेशी प्रशिक्षणासाठी स्वतःची बचत पाठवली, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १० लाखांवरील रकमेवर बँक ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, कापते; २५ लाख पाठवल्यास ७५,००० रुपये. हा खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६-एएस मध्ये तो दिसतो आणि विवरणपत्रात परत मागता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

विवरणपत्रात ८०-ई साठी आता नुसती रक्कम लिहून भागत नाही. बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, ३१ मार्चची शिल्लक आणि व्याज असा तपशील भरावा लागतो, म्हणून एप्रिलमध्येच बँकेकडून व्याजाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात मुद्दल व व्याज वेगळे दाखवले आहे की नाही, हे तिथल्या तिथे तपासावे.