क्वांटमचा पाया घरच्या घरी कसा तपासायचा: तीन फिल्म, आठ चिठ्ठ्या, एक वही

सांगलीत माझं टीव्ही आणि एलसीडी दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण बीएस्सी फिजिक्स. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा कॉलेजची पोरं येऊन बसतात आणि विषय क्वांटमवर जातो. श्रोडिंजरच्या मांजराची, म्हणजे पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेल्याही मांजराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. "बघितल्याशिवाय वस्तू नसतेच" हे वाक्यही पाठ असतं. पण हे कशावरून म्हणतात, असं विचारलं की गाडी अडते. माझं ठाम मत आहे की क्वांटम मेकॅनिक्सच्या तत्त्वज्ञानात शिरायचं असेल तर आधी एक हिशेब स्वतःच्या हातानं करावा. पाचवीतल्या पोराला जमेल इतकाच तो आहे, आणि तो केल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेत राहते.

सामान असं: पोलरायझर फिल्मचे (उजेडाची एकाच दिशेची कंपनं सोडणाऱ्या प्लास्टिकचे) तीन तुकडे, एक एलईडी बल्ब, कंपासपेटीतला कोनमापक, थोडे कागद आणि दोनशे पानी वही.

फिल्म मिळवणं सोपं आहे. कुठल्याही एलसीडी पॅनेलच्या काचेला पुढून एक आणि मागून एक अशी फिल्म चिकटवलेली असते. दुरुस्तीवाल्याकडे फुटलेले पॅनेल पडूनच असतात, मागितलात तर देईल. काच टेबलावर सपाट ठेवा, एका कोपऱ्यावर हेअर ड्रायरची गरम हवा मारा, ब्लेडनं कोपरा उचला आणि फिल्म काचेला जवळजवळ टेकवूनच हळूहळू मागे ओढत न्या. वर ओढलीत तर तुटते आणि काचेची कपची हातात घुसते, म्हणून हातमोजे घाला. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. जुन्या पॅनेलच्या बॅकलाइटमध्ये बारीक ट्यूब असतात, त्यांच्यात पारा असतो. त्या फोडायच्या नाहीत.

फिल्म पारखूनच घ्या. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये आयोडीन मुरवून ती बनवतात आणि पाण्यानं ती मरते. 2019 च्या पुरात बुडालेले टीव्ही माझ्याकडे आले होते, त्यांतल्या बऱ्याच फिल्मवर ढगासारखे फिके डाग पडले होते. तसली फिल्म नको. कॅल्क्युलेटरची मागची फिल्म चकचकीत पाठीची असते, तीही चालत नाही. थ्रीडी सिनेमाचे चष्मे तर टाळाच, त्यांत जादा थर असतो आणि उलट-सुलट धरल्यावर वेगवेगळं दिसतं.

आता फिल्मचा अक्ष, म्हणजे ती ज्या दिशेची कंपनं सोडते ती दिशा शोधायची. पॅनेलच्या कडेवर विश्वास ठेवू नका, कारण बऱ्याच लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये अक्ष कडेला 45 अंशांत तिरका असतो. खिडकीतला उजेड चकचकीत फरशीवर पडून डोळ्यांवर येतो, अशा जागी उभे राहा. खाली वाकून नको, फार लांबूनही नको. फरशीशी काटकोनात उभी रेघ कल्पून तिच्याशी साधारण 55 अंशांत नजर जाऊ द्या. फिल्म डोळ्यासमोर धरून गरगर फिरवा. एका जागी फरशीवरची झळाळी विझते आणि फरशीची नक्षी स्पष्ट दिसू लागते. त्या कोनात फिल्मवर मार्करनं उभा बाण काढा. झळाळीच्या उजेडाची कंपनं आडवी असतात आणि तुमची फिल्म आता फक्त उभी कंपनं सोडते आहे. तिन्ही तुकड्यांवर असे बाण काढा.

पहिले दोन तुकडे बल्बखाली एकावर एक धरा. बाण समांतर असतील तर उजेड येतो, काटकोनात असतील तर जवळजवळ काळोख. मोबाईलमधलं लक्स मोजायचं ॲप उघडा, फोन टेबलावर पक्का ठेवा आणि समांतर बाणांचं रीडिंग लिहून घ्या. मग 30 अंशांवर त्याचा तीन चतुर्थांश, 45 वर निम्मा आणि 60 वर पाव उजेड मिळतो. थोडंफार मागेपुढे होईल, पण नियम डोळ्यांना दिसतो. 1809 मध्ये मालूस या फ्रेंच अभियंत्यानं तो मांडला. उजेड फोनच्या स्क्रीनचा घेऊ नका, तो आधीच पोलराइज झालेला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो.

मग गंमत करा. दोन फिल्म काटकोनात धरून काळोख झाला की तिसरी त्यांच्या मधोमध 45 अंशांत सरकवा. अडवणारी वस्तू वाढली आणि उजेड परत आला! पहिल्या फिल्ममधून सुटलेल्या उजेडाचा पाव भाग बाहेर पडतो.

या प्रयोगानं क्वांटम सिद्ध होतं असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते मला पटत नाही आणि पोरांना मी ते खोडून काढायला लावतो. प्रकाश म्हणजे लाट असं धरलं तरी हा निकाल तंतोतंत मिळतो. मालूसला फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकेक कण, माहीत नव्हता. खरा पेच उजेड इतका मंद केल्यावर येतो की एका वेळी एकच फोटॉन निघावा. 1986 मध्ये फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेकटे फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडले, तेव्हा दोन्ही बाजूंचे डिटेक्टर एकदम वाजण्याचं प्रमाण लाटेच्या हिशेबापेक्षा फार कमी आलं. म्हणजे फोटॉन अर्धा होत नाही. 30 अंशांच्या फिल्मवर तो एकतर अख्खा जातो, नाहीतर अडतो. तीन चतुर्थांश उजेडाची आता तीन चतुर्थांश शक्यता झाली. 1926 मध्ये मॅक्स बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं हेच म्हटलं.

इथून तत्त्वज्ञान सुरू होतं. फोटॉन जाणार की अडणार हे त्याच्यात आधीच ठरलेलं असतं आणि आपल्याला माहीत नसतं, म्हणून शक्यता बोलायची? की मुळात ठरलेलंच नसतं? 1935 मध्ये आईनस्टाईन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी जोडीच्या कणांवरून युक्तिवाद केला. तो आपल्या फिल्मच्या भाषेत असा सांगता येईल. एकाच उगमातून निघालेल्या जोडीतला एक फोटॉन सांगलीतल्या फिल्मवर पाठवला आणि दुसरा मिरजेतल्या फिल्मवर. दोन्हीकडे कोन एकच असेल तर दोघांचं उत्तर दर वेळी एकच येतं: दोघेही जातात किंवा दोघेही अडतात. सांगली-मिरज अंतर नऊ-दहा किलोमीटर, प्रकाशालाही तिथं पोचायला 30 मायक्रोसेकंद लागतात, आणि मोजणी त्याआधी उरकता येते. मग सरळ तर्क असा की निघतानाच दोघांच्या खिशात सारख्या चिठ्ठ्या दिलेल्या असणार. आईनस्टाईनचं म्हणणं मला आजही अत्यंत समजूतदार वाटतं. ते चुकतं कुठं हे बघण्यासाठीच आपल्याला चिठ्ठ्या करायच्या आहेत.

कागदाचे आठ तुकडे करा. प्रत्येकावर तीन कोन लिहा, 0, 30 आणि 60, आणि प्रत्येक कोनापुढे "जा" किंवा "अड". एकूण आठच प्रकार होतात. आता एकेक चिठ्ठी हातात घेऊन बघा. "जा, अड, अड" घेतली तर 0 आणि 60 ची उत्तरं वेगळी आहेत, आणि 0 ते 30 मध्ये फरक पडलाय. "जा, जा, अड" मध्ये फरक 30 ते 60 मध्ये पडलाय. "जा, अड, जा" मध्ये दोन्हीकडे फरक आहे, पण टोकाची उत्तरं सारखीच. आता अशी चिठ्ठी शोधा जिच्यात 0 आणि 60 वेगळे आहेत, पण 0-30 सारखे आणि 30-60 ही सारखे. सापडणार नाही, कारण ती लिहिताच येत नाही.

म्हणून चिठ्ठ्यांचा ढीग कसाही भरा, 0 आणि 60 मधले फरक हे 0-30 चे फरक अधिक 30-60 चे फरक यांच्या बेरजेपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी इथं हटून बसली होती.

"काका, पण एकाच प्रकारच्या चिठ्ठ्या जास्त टाकल्या तर?"

"टाक की. पाहिजे त्या टाक, पाहिजे तेवढ्या टाक."

तिनं डब्यात नाना तऱ्हेचं मिश्रण करून बघितलं आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "एकेका चिठ्ठीला जे जमत नाही ते ढिगाला कुठनं जमणार?" बस. जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रमेयाचा गाभा एवढाच आहे.

आता निसर्गाचे आकडे लावा. अशा जोडीत सांगली-मिरजेची उत्तरं वेगळी येण्याची शक्यता दोन कोनांतल्या फरकाच्या साइनचा वर्ग असते. 30 अंशांच्या फरकाला पाव, 60 अंशांच्या फरकाला तीन चतुर्थांश. शंभर जोड्यांमागे 0-30 ला 25 फरक, 30-60 ला 25 फरक. चिठ्ठ्यांच्या हिशेबानं 0-60 ला फार तर 50 यायला हवेत. क्वांटमचा हिशेब सांगतो 75.

हा 50 आणि 75 चा फरक वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. जॉन बेलनं 1964 मध्ये हे दाखवेपर्यंत लोक समजत होते की आईनस्टाईन आणि त्याला विरोध करणारा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचा वाद मतांचा आहे, प्रयोगानं सुटणारा नाही. 1972 मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या जोड्यांवर मोजणी केली. 1982 मध्ये आस्पेच्या गटानं फोटॉन वाटेत असतानाच पलीकडची मांडणी बदलायची सोय केली. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला 1.3 किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरून मोठ्या पळवाटा, म्हणजे चिठ्ठ्यांचा हिशेब वाचवू शकणाऱ्या शंका, एकदम बंद केल्या. दर वेळी निसर्ग क्वांटमच्या बाजूनं उभा राहिला. आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना 2022 चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

आता वही. पानावर उभी रेघ मारा. डाव्या बाजूला "प्रयोगानं काय ठरलं", उजव्या बाजूला "आपण काय म्हणतो". डावीकडे फक्त असं लिहा, जे कुठल्याही पंथाच्या भौतिकशास्त्रज्ञाला मान्य करावंच लागेल. उदाहरणार्थ: "सांगलीत काय होतं त्याचा मिरजेवर परिणाम नाही, मोजायचा कोन मोकळेपणानं निवडता येतो आणि प्रत्येक मोजणीला एकच उत्तर येतं, या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरल्या तर 75 येत नाहीत." आणखी एक: "मिरजेत कुठलाही कोन लावला तरी सांगलीत निम्मे जातात, निम्मे अडतात, म्हणून यातून निरोप पाठवता येत नाही." हे दुसरं वाक्य लोक विसरतात आणि प्रकाशापेक्षा वेगवान फोनच्या बातम्या पसरवतात.

उजवीकडे प्रत्येक विचारासमोर एकच प्रश्न लिहायचा: यानं किंमत काय मोजली? डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञानं 1952 मध्ये कणांना कायम ठरलेली जागा दिली, पण सांगलीतल्या घडामोडीचा मिरजेवर ताबडतोब परिणाम होतो हे पत्करलं. ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञानं 1957 मध्ये "एकच उत्तर येतं" हेच सोडलं, सगळी उत्तरं येतात आणि आपणही त्यांच्यासोबत फुटतो. निवडीचं स्वातंत्र्य सोडणारेही आहेत. त्यांच्या मते तुम्ही कोणता कोन निवडणार हे आणि चिठ्ठीवरचा मजकूर आधीपासून जुळवलेलंच असतं. मला ही किंमत सगळ्यात जड वाटते, कारण मग कुठल्याच प्रयोगावर भरवसा उरत नाही. बोरच्या वाटेनं जाणारे मोजणीआधीच्या उत्तराबद्दल बोलायचंच नाकारतात. फुकट काहीच मिळत नाही.

या पानावर ग्रेटे हर्मान या जर्मन गणितज्ञ-तत्त्वज्ञ बाईचं नाव मी प्रत्येकाला लिहायला लावतो. 1932 मध्ये फॉन नॉयमन या थोर गणितज्ञानं सिद्धता दिली की लपलेल्या चिठ्ठ्या अशक्यच आहेत. त्या सिद्धतेतलं एक गृहीत आधाराशिवाय घेतलंय हे तिनं 1935 मध्ये दाखवलं. जवळपास कुणीच लक्ष दिलं नाही. तीस वर्षांनी बेलनं स्वतंत्रपणे तेच छिद्र दाखवलं. तिला वेळेवर वाचलं असतं तर हा विषय कितीतरी आधी मोकळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

"बघणाऱ्याच्या मनामुळे जग घडतं" हे वाक्य कुणी आणलं तर तेही वहीत घ्या, पण उजवीकडे. डावीकडे त्याला आधार नाही: दुकान बंद असतानाही फिल्म फोटॉन अडवतेच, आणि डेल्फ्टला उत्तरं यंत्रांनीच नोंदवली. आजूबाजूच्या असंख्य कणांशी संबंध आल्यावर लाटांची सरमिसळ दिसेनाशी का होते, हे गणितातून कळतं. अनेक शक्यतांतून हेच एक उत्तर का, हे त्या गणितातून येत नाही, आणि भांडण तिथंच उरलंय.

एवढं जमलं की पुढची पायरी घ्या. वरच्या हिशेबात सारख्या कोनाला दर वेळी सारखं उत्तर लागतं, खऱ्या यंत्रात ते कधीच शंभर टक्के येत नाही. म्हणून 1969 मध्ये क्लाउझर आणि सहकाऱ्यांनी दोन-दोन कोनांचा हिशेब काढला: सांगलीत 0 आणि 45, मिरजेत 22.5 आणि 67.5. चिठ्ठीवर आता चार उत्तरं, "जा" ला +1 आणि "अड" ला -1. चार जोड्यांचे गुणाकार घ्या, 0 आणि 67.5 चा वजा करा, बाकीचे तीन मिळवा. सोळाही चिठ्ठ्यांवर उत्तर +2 किंवा -2 च येतं, म्हणून सरासरी 2 च्या वर जात नाही. क्वांटमची मर्यादा 2.83 आहे. डेल्फ्टला 2.42 मिळाले. सोळा चिठ्ठ्या लिहायला अर्धा तास पुरतो.